शेजारचा तारा आणि पहिली किटली

लिंबाची वस्ती, नेकनूरजवळ
९ नोव्हेंबर १९८६

चि. मुक्तास,
आबाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. इकडे सर्व ठीक, तुझंही तसंच असावं, वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. चार ओळी लिहायला दीड महिना लागला, म्हणजे तुझा तो तारा तुला चांगलाच राबवून घेत असणार. तुझी माय रोज टपालवाल्याच्या सायकलची घंटी ऐकून उठते आणि गुडघा धरून पुन्हा खाली बसते. गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधतो. फरक काही पडत नाही, पण बांधला नाही तर जास्त दुखतो म्हणते.

इकडचं काय लिहू? बाजरी वीतभर येऊन वाळली. विहिरीत उतरायचं तर आता पोहायला नाही, झाडायला उतरावं लागेल. आठवड्यातून दोनदा टँकर येतो. पाणी असलं मचूळ की डाळ शिजत नाही. पूर्वी सकाळी आपल्या दूध संस्थेत तासभर गलका चालायचा, आता लोक किटली ठेवतात, आकडा ऐकतात आणि खाली मान घालून जातात. तक्रार करायचाही कंटाळा आलाय सगळ्यांना. मलाही आलाय. आठ वर्षं संस्थेचा सेक्रेटरी म्हणून पहाटे उठतो, पण यंदासारखं अंग कधी जड झालं नव्हतं.

त्यात संस्थेच्या मांजरानं जुना लॅक्टोमीटर टेबलावरून ढकलून फोडला. आठवतो ना? दुधात सोडायची ती काचेची नळी, लहानपणी तू तिला दुधातली बाहुली म्हणायचीस. दूध घट्ट असेल तर ती वर तरंगते, पाणी घातलेलं असेल तर खाली बसते. नवी नळी आली, पण ती खरं बोलते का हे बघायला स्वच्छ पाणी लागतं, त्यात तिनं शून्य दाखवायला पाहिजे. स्वच्छ पाणी आणू कुठून? टँकरच्या पाण्यात एक दिवस दोन दाखवते, दुसऱ्या दिवशी तीन. मग मी डोकं चालवलं. चेअरमन सुंदररावांच्या मळ्यातली किटली रोज पहिली येते आणि आठ वर्षं तिचं दूध तीस डिग्री भरतं, इकडचं तिकडे नाही. नव्या नळीनं त्यात चौतीस दाखवले. म्हणजे नळी चार जास्त दाखवते. आता मी सगळ्यांच्या आकड्यातून चार वजा करतो. बघ, तुझ्या बापालाही थोडं शास्त्र येतं.

गावात लोक विचारतात, पोरगी करते काय. मी सांगतो, तारे मोजते. ते विचारतात, किती झाले. तू नीट खुलासेवार लिही, म्हणजे मला तोंड देता येईल. आणि तुझा तारा मृगातलाच आहे म्हणतेस, तर त्याला एवढं विचार की यंदा आमचा मृग कोरडा का घालवला.

जेवणाची हयगय करू नकोस. माया आहे ती तशीच राहू दे.
तुझा,
आबा


वेधशाळेचं वसतिगृह
२८ नोव्हेंबर १९८६

ती. आबांस आणि मायला,
मुक्ताचा सा. जयभीम, वि. वि.

कार्डावरून बोलणी बसली ती मुकाट्यानं ऐकून घेतली. म्हणून यावेळी पाकीट. मायचा गुडघा बीडला दाखवा, पाल्यावर किती दिवस काढणार?

आता खुलासा. मृगाच्या पोटात तीन तारे एका ओळीत दिसतात ना, त्यातला मधला माझा. निळा महाराक्षसी तारा म्हणतात तसल्याला. आपले तीसेक सूर्य एकत्र केले तर होईल एवढं त्याचं वजन, आणि उजेड लाखो सूर्यांचा. उजेड इतका दांडगा की त्याच्या रेट्यानंच ताऱ्याच्या अंगावरचं द्रव्य बाहेर फेकलं जातं. त्याला आम्ही ताऱ्याचा वारा म्हणतो. सेकंदाला दीड-दोन हजार किलोमीटर, आबा! तीन-चार वर्षांत आपल्या पृथ्वीएवढं वजन हा बाबा नुसतं वाऱ्यावर घालवतो. गावात जो म्हणेल किती झाले, त्याला हे सांगा.

पण हा वारा सगळीकडून सारखा सुटत नाही. मळणीयंत्र फिरताना भुसा एका अंगाला जास्त उडतो, तसं काहीसं होत असावं. म्हणून तारा स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो ते कळायला हवं. दुर्बिणीतूनही तो ठिपकाच दिसतो, फिरताना कुठून दिसणार? पण त्याचं तेज किंचित कमी-जास्त होतं, शंभरात दोन-तीन भाग. हे कमी-जास्त ठरावीक दिवसांनी परत आलं, तर ते फिरण्यामुळे असं म्हणता येतं.

तेज मोजायची आमची रीत तुमच्यासारखीच आहे. हवेवर विश्वास ठेवता येत नाही, रोज धूळ वेगळी, ओल वेगळी. म्हणून शेजारचा एक स्थिर तारा घ्यायचा. आधी तो मोजायचा, मग माझा, मग परत शेजारचा. हवा दोघांनाही सारखीच छळते, म्हणून दोघांतला फरक तेवढा खरा. खरं तर आणखी एक तिसरा तारा साक्षीला घ्यावा असं शिकवतात, पण दुर्बीण माझ्या वाट्याला रात्रीतून दोनच तास येते. शेजारी जुन्या यादीत स्थिर म्हणून नोंदलेला आहे, तेव्हा तिसऱ्यावर वेळ घालवला नाही.

आणि आबा, मला ठोका सापडला! दोन हिवाळ्यांची मापं जोडली, दर अकरा दिवसांनी तेज वर-खाली होतं. सर एरवी मानसुद्धा हलवत नाहीत, ते दोनदा चहा पाजून गेले. मार्चमधल्या परिषदेला निबंध पाठवलाय. नाव आहे माझं, पहिलं.

भिवरामावशीला सांगा. तिच्या म्हशीच्या दुधावर ही पोरगी वाढली, तिचाही वाटा आहे यात. काळजी नको. लोभ आहेच, तो कमी करू नका.
तुमची,
मुक्ता


लिंबाची वस्ती
४ जानेवारी १९८७

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम, वि. वि.

तुझं पाकीट मी तीनदा वाचलं, एकदा संस्थेत मोठ्यानं. पृथ्वीएवढं वजन वाऱ्यावर घालवतो हे ऐकून निवृत्ती कोतवाल म्हणाला की आपल्या तालुक्यातले पुढारी त्याचेच चुलतभाऊ असणार. दिवस बरा गेला तो.

त्यानंतरचे दिवस बरे गेले नाहीत. तालुक्याच्या शीतकरण केंद्रातून दोन महिने तक्रार येत होती की आमच्या गावच्या दुधाला फॅट कमी लागतं. आमच्याकडचं फॅट मोजायचं यंत्र ॲसिड नाही म्हणून दिवाळीपासून झाकून ठेवलंय. मग कोण पाणी घालतं ते लॅक्टोमीटरनंच शोधायचं ठरलं. नवी नळी आल्यापासून सगळ्यांचेच आकडे उतरलेत, सव्वीस-सत्तावीसवर आलेत. वैरण नाही तर दूध पातळ होणारच, असं आम्ही धरून चाललो. पण सव्वीसच्या खाली गेलं तर दूध बंद, असा संस्थेचा नियम आहे. सव्वीसच्या खाली एकच किटली सारखी येत होती. भिवराची.

मी तिला दोनदा बाजूला घेऊन विचारलं. तिनं लेकराची शपथ घेतली नाही, रडली नाही, एवढंच म्हणाली की पाणी प्यायला मिळंना, दुधात कुठून घालू. पंचांच्या बैठकीत तिचे पंधरा दिवसांचे आकडे मी वाचून दाखवले. मीच. आपल्या वस्तीतली म्हणून मी झाकलं असं कुणी म्हणू नये. आपल्या वस्तीचं दूध गावाच्या कॅनमध्ये पडावं म्हणून मी किती उंबरे झिजवले ते तुला ठाऊक आहे. तिच्याशी मी इतरांपेक्षा जास्त कडक वागलो असेन, कमी नाही.

तिचं दूध बंद झालं. आणि गेल्या सोमवारी संस्थेनं ओढ्याकाठी जनावरांची छावणी उघडली. दूध चालू असलेल्या सभासदांचीच जनावरं त्यात घ्यायची असा ठराव आहे. म्हणजे भिवराची म्हैस बाहेर. बाहेर कडबा कुठेच नाही, मोहरा मोजल्या तरी नाही. भिवरा रोज बांधावरचं वाळकं पाचट गोळा करून आणते.

तुझी माय माझ्याशी बोलत नाही. ताट सरकवते आणि उठून जाते. मीही काही बोलत नाही. बोलायचं त्राण नाही आणि मुद्दाही नाही, आकडा आकडा असतो.

तू जप. इथला विचार करू नकोस.
तुझा,
आबा


लिंबाची वस्ती
२० जानेवारी

लाडकी मुक्ता हिला,
मायचा मुका आनि जयभीम. हे पत्र मीच लिवतेय, रात्रशाळेत शिकले ते आज कामाला आलं. चुका काडू नको.

तुज्या आबाला तू सांग. माजं ऐकत न्हाईत. भिवरानं पानी घातलं न्हाई. मला म्हाईत हाय. मी रोज तिच्याकडं बसते, तिची म्हस पान्हावते तवा मी तितंच असते. दूद असं हाय की बोटाला चिकटतंय. तरी ह्येंचा आकडा म्हनतो पानी. मी म्हनलं आकडा दूद पितो काय.

एक गोष्ट ह्येंनी तुला लिवली नसंल. भिवराचं दूद बंद केल्यावर फॅट वाडायला पायजे हुतं ना? वाडलं न्हाई, आनखी कमी झालं. त्येंना ठावं हाय. तवापासून ह्ये कोरा चा पितात. काहून इचारलं तर म्हनतात पित्त झालंय. पित्त बित्त काय न्हाई. दूद गळ्याखाली उतरंना.

म्हशीच्या बरगड्या मोजून घ्याव्या आशा दिसत्यात. मी आपल्या वाटनीचा थोडा पाला टाकते. किती पुरनार. मला दूद न्हवतं तवा भिवरानं तुला वाटीनं पाजलंय, सात महिने. ते मी इसरले न्हाई, तू बी इसरू नको.

माजा गुडगा हाय तसाच हाय. तू लई बारीक झालीस आसं वाटतंय. खात जा. जीव लावती तसाच लाव.
तुजी माय,
सरूबाई


वेधशाळेचं वसतिगृह
१२ फेब्रुवारी १९८७

ती. आबांस,
मुक्ताचा सा. जयभीम, वि. वि.

मायचं पत्र मिळालं. उशीखाली ठेवलंय. तुम्हाला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी माझंच घर जळत होतं.

जानेवारीच्या शेवटी माझ्यानंतरचा निरीक्षक तापानं पडला आणि त्याचे दोन तासही मला मिळाले. नुसतं बसण्यापेक्षा तिसरा तारा मोजत गेले, बारा रात्री. काल सगळी मापं मांडली. माझा निळा तारा तिसऱ्याशी ताडून पाहिला, तर अकरा दिवसांचा ठोका नाहीच. मग शेजारचा तारा तिसऱ्याशी ताडून पाहिला. ठोका तिथे होता, पुरता, अकरा दिवसांचा. आबा, हलत होता तो शेजारी. ज्याला मी स्थिर धरलं तोच वर-खाली होत होता, आणि दोन वर्षं त्याची हालचाल मी माझ्या ताऱ्याच्या नावावर घालत होते.

जुनी नोंद शोधून काढली. कुणीतरी कधीकाळी तीन रात्री पाहून त्याला स्थिर म्हटलं होतं. पुढच्या सगळ्यांनी ते उतरवून घेतलं, मीही. तपासावंसं वाटलंच नाही, कारण बाकी सगळं त्याच्यावरूनच तपासायचं होतं.

निबंध परिषदेला गेलेला आहे. कुणाला कळणार नाही, निदान काही वर्षं तरी. सरांनी निर्णय माझ्यावर सोडला. मागे घेतला तर हाती काही उरत नाही, शिष्यवृत्ती जूनला संपते. मी फार थकलेय, आबा. अंबाजोगाईला शाळेत विज्ञानाची जागा आहे म्हणे. घरी यावं, पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवावं, रात्री झोपावं, एवढंच वाटतं.

एक विचारायचं आहे, रागावू नका. मला दुधातलं तुमच्याएवढं कळत नाही. पण तुमचं नोव्हेंबरचं पत्र काल पुन्हा काढलं. नवी नळी तुम्ही सुंदररावांच्या किटलीवर लावली. त्यांची किटली कशावर तपासलीत?

आशीर्वाद असू द्या, आत्ता फार लागतोय.
तुमची,
मुक्ता


लिंबाची वस्ती
२२ मार्च १९८७

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम, वि. वि.

महिनाभर उत्तर लिहिलं नाही, कारण मी रागावलो होतो. शिकवून सवरून पाठवलेल्या पोरीनं बापाच्या इमानावर बोट ठेवलं असं वाटलं. पत्र फाडणार होतो. तुझ्या मायनं ते काढून घेतलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा धड बोलली. म्हणाली की पोरीनं स्वतःची चूक चार ओळी आधी लिहिलीय, तेवढं तरी वाचा.

मग मी आरोग्य केंद्रातून खोकल्याच्या औषधाच्या पाच रिकाम्या बाटल्या मागून आणल्या. सगळ्या एका मापाच्या. चार सभासदांचं सकाळचं दूध चार बाटल्यांत भरलं, त्यातली एक सुंदररावांची. पाचवीत भिवराचं, ते तुझ्या मायनं आणून दिलं. संध्याकाळपर्यंत माठाशेजारी सावलीत ठेवून दिल्या. कच्चं दूध हलवलं नाही की साय आपोआप वर चढते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आठ वर्षांत मला ते करून बघायचं सुचलं नाही, कारण हातात नळी होती.

तिघांच्या बाटलीत बोटभर साय. भिवराच्या बाटलीत दोन बोटं. सुंदररावांच्या बाटलीत काही नाही. निळसर पाणचट दूध, वर एक रेघ. चार दिवस लागोपाठ केलं. चारही दिवस तेच.

आता सगळं उघड आहे. साय हलकी असते. ती काढून घेतली की उरलेलं दूध जड होतं आणि नळी वर चढते. तीसचे चौतीस झाले ते नळीमुळे नाही, साय काढल्यामुळे. मळ्यावर दिवाळीपासून साय काढायचं यंत्र आलंय, सुंदररावांचा माणूस आसाराम बीडच्या हॉटेलात साय पोचवतो, हे मला दुसऱ्या दिवशी सहज कळलं. सगळ्या गावाला माहीत होतं, मला कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. नळी बरोबर होती, मुक्ता. गावाचं दूध पातळ झालं नव्हतं. मीच रोज प्रत्येकाचे चार कापत होतो. आणि जिचं दूध सगळ्यांत जास्त सायीचं, तिचीच नळी सगळ्यांत खाली बसणार. चांगल्या दुधाची शिक्षा मी तिला दिली.

हे कळून आठ दिवस झाले आणि मी तोंड उघडलेलं नाही. का ते तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. संस्था निघाली तेव्हा आपल्या वस्तीचं दूध कॅनमध्ये घ्यायला कुणी तयार नव्हतं. पहिल्या सकाळी सुंदररावांनी आपली किटली ओतली आणि तिच्यावर स्वतःच्या हातानं भिवराची ओतली. म्हणाले, आता करा वेगळं कुणाला करायचं ते. त्या दिवसापासून त्यांची किटली माझ्यासाठी देव झाली. बाबासाहेबांनी देव सोडायला सांगितलं आणि मी किटलीला धरून बसलो.

येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. मी बोलेन की नाही मलाच माहीत नाही. वय झालं, भांडण सोसत नाही, नोकरी त्यांच्या सहीवर आहे. भिवराची म्हैस आता शेरभरही देत नाही. तू तुझा निबंध मागे घेतलास का? मला खरं काय ते लगेच लिही.

तुझा,
आबा


वेधशाळेचं वसतिगृह
२६ मार्च १९८७

ती. आबांस,
सा. जयभीम, वि. वि.

घाईत आहे, निवृत्तीकाकांचा भाचा गावाकडे निघालाय, त्याच्या हाती हे देते, म्हणजे रविवारच्या आत मिळेल.

हो, घेतला. तुम्हाला लिहिलं त्याच्या चौथ्या दिवशीच. पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू? परिषदेत माझ्या नावापुढे रिकामी वेळ होती म्हणे, लोक चहा प्यायला गेले.

शेजाऱ्याचा ठोका वजा केल्यावर माझ्या ताऱ्याचं जे उरलं ते अगदीच अव्यवस्थित आहे. ताल नाही, ठेका नाही. दूध उतू जायच्या आधी कडेकडेनं हलतं तसं त्याचं तेज हलतं, कधी इकडे, कधी तिकडे. सर म्हणतात की आतून काही उसळून वर येत असेल आणि वाऱ्याचे झोतही त्यातूनच सुटत असतील. फिरण्याचा काळ त्यात कुठे दडलाय ते यातून सांगता येत नाही. पण हे जे आहे ते त्याचं स्वतःचं आहे. शिष्यवृत्तीसाठी पुन्हा अर्ज केलाय, या मापांवर. मिळेल का माहीत नाही. अंबाजोगाईला अर्ज केला नाही.

तुम्ही बोला असं मी म्हणणार नाही. सुंदरराव माझ्याही पाठीवर हात ठेवून गेलेत. तुम्ही काय कराल ते करा, मी तुमचीच आहे.
मुक्ता


लिंबाची वस्ती
१२ एप्रिल १९८७

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम, वि. वि.

तुझी चिठ्ठी शनिवारी संध्याकाळी मिळाली. रविवारी सकाळी दूध घालायला आलेल्या सभासदांच्या डोळ्यांदेखत मी पाच बाटल्या भरल्या, पाचवी पुन्हा तुझ्या मायनं आणलेल्या भिवराच्या दुधाची, तोंडाला कागद बांधले, त्यावर त्यांच्याच सह्या आणि अंगठे घेतले. कुणी विचारलं नाही कशाला. लोक खरंच फार थकलेत. दुपारी सभा भरली तेव्हा बाटल्या टेबलावर ओळीनं ठेवल्या.

मी आधी माझंच सांगितलं. नळी कशावर लावली, का लावली, पाच महिने सगळ्यांचे चार कसे कापले, भिवराला चोर कुणी ठरवलं. मग म्हणालो की बाटल्या बघा, मी आणखी काही बोलणार नाही. लोक उठून आले आणि बघून गेले. निवृत्ती कोतवालानं सुंदररावांची बाटली उजेडाकडे धरली आणि तशीच खाली ठेवली. कुणी आवाज चढवला नाही. सुंदररावांनी बाटलीकडे बघितलं आणि म्हणाले की आसारामनं हे त्यांच्या माघारी केलं. असेलही, नसेलही. पण माझ्याकडे बघून ते बोलले नाहीत. भिवराचं दूध सुरू करायचा ठराव झाला आणि तो त्यांनीच मांडला, एवढं कबूल केलं पाहिजे.

मी सभेतच भिवरासमोर हात जोडले. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, पदर सावरला आणि म्हणाली की म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय.

ठराव कायम व्हायला, छावणीची यादी बदलायला आणखी बारा दिवस गेले. इकडचा कागद तिकडे जायला दुष्काळ थांबत नाही. परवा म्हैस छावणीत गेली. चार माणसांनी तिला उठवून चालवत नेलं. खाते आहे, जगेल असं गुरांचा डॉक्टर म्हणतो. मला पुढच्या महिन्यापासून विश्रांती घ्यावी असं सुचवण्यात आलंय. मी बरं म्हणालो. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त झोप आली. तुझी माय बोलते आता, पूर्वीपेक्षा जास्तच बोलते. काल तिनं दुधाचा चहा पुढ्यात ठेवला, मी प्यालो.

आज सकाळचं सांगतो आणि थांबतो. भिवरा आली. तीन महिन्यांनी तीच किटली, घासून लख्ख केलेली. रांग तिला वाट देऊन बाजूला झाली. मी तिचं दूध मापाच्या नळकांड्यात ओतलं आणि लॅक्टोमीटर सोडला. तो तरंगलाच नाही. तळाला टेकून तिरका उभा राहिला. नळी तरंगायला जेवढं दूध लागतं, मुक्ता, तेवढंसुद्धा नव्हतं. मी आकडा सांगायला तोंड उघडलं आणि सांगायला आकडा नव्हता. ती उभी होती, आकडा ऐकायला. आठ वर्षांची सवय.

सुंदररावांची किटली दस्तुराप्रमाणे पुढे ठेवलेली होती. मी ती उचलून बाजूला ठेवली. कॅन रिकामा होता, कोरडा. त्यात भिवराचं दूध न मोजता पहिलं ओतलं. तळसुद्धा झाकला गेला नाही. मग मी पुढच्याला हाक मारली.

तुझा अर्ज मंजूर झाला तर कळव, नाही झाला तरी कळव. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
आबा